धागा: मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळेतली प्रार्थना आणि उपवासकाळातला डबा

सुकेळी

नमस्कार मंडळी. मी वसई पश्चिमेला राहते. मुलगा चौथीत, मुलगी पहिलीत, दोघंही आमच्या धर्मग्रामाच्या (म्हणजे पॅरिशच्या) प्राथमिक शाळेत. मराठी माध्यम. (नणंदेने अजून माफ केलेलं नाही.) यंदा पालक-शिक्षक संघात माझं नाव घातलं गेलं, म्हणून हा धागा.

आमच्याकडे राखेच्या बुधवारपासून (ईस्टरआधीचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो) प्रत्येक वर्गात एक डबा ठेवतात. मुलांनी उपवासकाळात खाऊचे पैसे वाचवून त्यात टाकायचे. पवित्र सप्ताहाच्या, म्हणजे ईस्टरच्या आठवड्याच्या, आधी डबे फोडतात आणि पैसे गरिबांसाठी पाठवतात. मी स्वतः याच शाळेत शिकले, डबा तेव्हाही होता. त्याबद्दल तक्रार नाही.

यंदा नवीन काय, तर फळ्याशेजारी तक्ता लागलाय. मुलांची नावं, नावापुढे चांदण्या. दहा रुपयांना एक चांदणी. जास्त पैसे जमवणाऱ्या वर्गाला प्रशस्तिपत्र. परवा मुलगा म्हणाला, "मम्मी, पन्नास दे, अमक्याच्या पाच चांदण्या झाल्या." मी म्हटलं, तुझे खाऊचे टाक. तर म्हणतो, "खाऊच्या पैशांनी चांदणी येत नाही."

दुसरी गोष्ट. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं आता कॅथलिक नाहीत. गावातली वाडवळ, भंडारी मुलं आहेत, वाड्यांमध्ये कामाला आलेल्या उत्तरेकडच्या मजुरांची आहेत, पूर्वेकडून आलेली वारली कुटुंबांतली आहेत, थोडी मुसलमान आहेत. सकाळची प्रार्थना सगळे म्हणतात, बारा वाजता चर्चची घंटा झाली की सगळे उभे राहतात. कुणी हरकत घेतलेली नाही. पण कुणी कधी विचारलंही नाही.

पुढच्या आठवड्यात सभा आहे. तिथे काय बोलावं? तुमच्या शाळांमध्ये कसं चालायचं / चालतं?

आगाशीकर

चांगला विषय. आमच्या वेळी पाच-दहा पैशांची नाणी असत, त्यामुळे डबा वाजायचा भरपूर आणि निघायचं काहीच नाही. तक्ता वगैरे नव्हता. मास्तरांना कुणाच्या घरी काय शिजतं हे तक्त्याशिवाय ठाऊक असायचं.

बाराची घंटा मात्र डोळ्यांसमोर आली. गणिताचा तास असेल तर घंटा म्हणजे देवदूतच. माझ्या बाकावरचा म्हात्रे 'नमो मारिया' (मरियामातेची प्रार्थना) माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणायचा आणि फादर मला त्याचं उदाहरण द्यायचे. घरी आमची तेर्स (जपमाळेची प्रार्थना) रोज होई, तरी मी अडखळायचो.

तुमच्या धाग्यात एक गोष्ट दडलीय ती उघड सांगतो. आमच्या वेळी मराठी शाळेत सगळं गाव होतं. बागायतदाराचा मुलगा, फुलं घेऊन दादरला जाणारीची मुलगी, कोळ्याचा, मजुराचा, सगळे. आता ज्यांना परवडतं ते त्याच आवारातल्या इंग्रजी शाळेत गेले. मराठीत राहिले ते बहुतेक न परवडणारे (सुकेळीताई, तुम्ही सन्माननीय अपवाद). म्हणजे तो डबा आता गरिबांसमोरच ठेवलेला आहे, गरिबांसाठी पैसे टाका म्हणून. आणि वर चांदण्या.

शून्य

मुळात प्राथमिक शाळेत प्रार्थना हवीच कशाला? सहा वर्षांच्या मुलाला श्रद्धा असते का? त्याला सांगितलेलं असतं ते तो म्हणतो. भूगोल शिकवा, हात धुवायला शिकवा. दानधर्म मोठेपणी स्वतःच्या कमाईतून करू द्या.

(मी स्वतः सिस्टरांच्या शाळेतच शिकलो. म्हणूनच म्हणतोय असं कुणी म्हणेल, म्हणू दे.)

कलम_२८

कायद्याची बाजू मांडतो, कारण या विषयावर दोन्हीकडून ठोकून दिलं जातं.

राज्यघटनेच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. तेव्हा 'कॅथलिक शाळेत प्रार्थना कशी काय' हा प्रश्न तिथेच संपतो. पण कलम २८ चा तिसरा उपखंड विसरू नका. शाळा सरकारमान्य असेल किंवा सरकारी अनुदान घेत असेल, तर तिथल्या कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येत नाही. त्यासाठी संमती लागते, आणि मूल अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर पालकाची संमती लागते. 'कुणी हरकत घेतली नाही' म्हणजे संमती नव्हे. सुकेळीताईंचं शेवटचं वाक्य कायद्याच्या दृष्टीने नेमकं आहे.

उभं राहण्याबद्दल: १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या बिजो इमॅन्युएल खटल्यात निकाल दिला. यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकलं. न्यायालयाने परत घ्यायला लावलं. खटला राष्ट्रगीताचा होता, प्रार्थनेचा नव्हे, पण बोध असा की शांतपणे उभं राहणं हा अनादर नाही. जे राष्ट्रगीताला चालतं ते 'हे आमच्या स्वर्गातील बापा'ला न चालायला काय झालं?

आणि हे बाहेरच्यांचंच म्हणणं आहे असं नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका असं स्पष्ट आहे. सकाळच्या परिपाठात घटनेची उद्देशिका म्हणा, शक्य असेल तिथे सर्वधर्म प्रार्थनेची खोली ठेवा, असंही आहे. उद्देशिकेचं वाचन तर महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालंच आहे. सभेला जाताना बिशपांच्या सूचनांची प्रत घेऊन जा. फादरांना घटनेपेक्षा ती लवकर पटेल.

वाडीवरचा

कलम_२८ साहेब, तुमचं बरोबर असेल. पण एक हिंदू पालक म्हणून सांगतो, प्रार्थनेने आमचं काही बिघडलं नाही. मुलगी जेवायला बसली की आधी 'वदनी कवळ' म्हणते आणि मग छातीवर क्रूस काढते. माझी आई म्हणते, दोन म्हटल्या तर दोनदा पचेल.

शाळेच्या परिपाठात साने गुरुजींची प्रार्थना असते, ती तर मीही म्हणायचो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कॅथलिक मुलं मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जातात तेव्हा बाकीची वर्गात चित्रं काढतात. माझी मुलगी एकदा मैत्रिणीबरोबर मिस्साला गेली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. रागावलो नाही, पण 'तुम्हाला विचारायला हवं होतं' एवढं बाईंनी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. प्रवेशाच्या वेळी चौदा सह्या घेतल्या, त्यात ही एक बसली असती.

चांदण्यांचं मात्र खरं आहे. माझ्या शेजारच्या वाडीत राहणाऱ्या मजुराची मुलगी त्याच वर्गात आहे. डब्याच्या दिवशी तिचं पोट दुखतं.

स्पष्टवक्ता

सेवा, प्रार्थना, डबा... सगळं ठीक. पण सेवेच्या नावाखाली पुढे काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. लहानपणापासून सवय लावायची.

वाडीवरचा

@स्पष्टवक्ता, आमच्या घरातल्या तीन पिढ्या या शाळेतून शिकल्या. अजून दीड दिवसाचा गणपती बसतो. शाळेतल्या टीचर उकडीचे मोदक खायला येतात आणि सारण कमी गोड झालं हेही सांगतात. कधी या वसईला.

कलम_२८

शंका घेणाऱ्याला घेऊ द्या. म्हणूनच संमतीचा कागद शाळेच्याच फायद्याचा आहे. जे काही होतं ते पालकांना आधी लिहून कळवलेलं असलं की बोलायला जागा राहत नाही.

संपादक

चर्चा धाग्याच्या विषयावर राहू द्या. धर्मांतरावर वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत.

निवृत्त_टीचर

मी धर्मग्रामांच्या प्राथमिक शाळांमध्येच आयुष्य काढलं. शाळांची नावं लिहीत नाही, वसईत सगळे सगळ्यांना ओळखतात.

सुकेळी, तुमचा तक्ता वाचून मला पहिल्यांदा आठवलं ते राखेच्या बुधवारचं शुभवर्तमान. त्या दिवशी मिस्सामध्ये दरवर्षी बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचतात. दान करशील तेव्हा कर्णा वाजवू नकोस, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. प्रार्थनाही दार लावून कर, उपास केलास तर तोंड धुऊन बाहेर पड. हे ऐकून, कपाळाला राख लावून मुलं वर्गात येतात, आणि वर्गात काय, तर चांदण्या! सभेत दुसरं काही बोलू नका, हा उताराच वाचून दाखवा.

शून्य यांना सहा वर्षांच्या मुलाच्या श्रद्धेबद्दल शंका आहे. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. वर्गात काय होतं ते सांगते. पहिलीच्या मुलांना मी पाठांतर उशिरा द्यायची. आधी विचारायची, "आज कुणासाठी प्रार्थना करायची?" हात वर व्हायचे. आजीचं ऑपरेशन. पप्पांची बोट अजून आली नाही. शेळी व्यायला झालीय. एकदा एकाने 'आमच्या टीव्हीसाठी' म्हटलं, तेही घेतलं. देवाला हसू आलं असेल तर आलं. मग अर्धा मिनिट गप्प बसायचं. ज्याला जो देव ठाऊक त्याला सांगायचं. आणि डोळे उघडल्यावर माझा दुसरा प्रश्न ठरलेला: "मग आता आपण काय करायचं?"

सगळी मेहनत या दुसऱ्या प्रश्नात आहे. आजीचं ऑपरेशन आहे ना, मग तिच्या नातवाला आज डबा कोण देईल? जो पाय मोडून घरी आहे त्याची वही कोण उतरवून नेईल? नळाखालची घसरडी जागा कोण घासेल, तिथेच तर तो पडला. हे पैशाशिवाय होतं आणि सगळ्यांना जमतं. ज्या मुलाच्या घरून एक रुपया यायचा नाही तो घासायला सगळ्यात पुढे असायचा, कारण त्याला घासता यायचं. बंगल्यातल्या मुलांना शिकवावं लागायचं.

आता डबा. लहान मुलांच्या नाण्यांची ही प्रथा जुनी आहे. १८४३ साली फ्रान्समधल्या नान्सीचे बिशप फोर्बिन-जान्सन यांनी होली चाइल्डहुड ही लहान मुलांची संघटना सुरू केली. त्यांनी मुलांकडून मागितलं किती, तर दिवसाला एक 'नमो मारिया' आणि महिन्याला एक सू, म्हणजे तिथला पैसा. श्रीमंताचं पोर असो की गरिबाचं, तेवढंच. मुलांनी मुलांसाठी करायचं. आजही वसईतल्या कितीतरी धर्मग्रामांत होली चाइल्डहुडचे गट आहेत. 'ज्याने जास्त दिलं तो पहिला' हे त्यात कुठून शिरलं कोण जाणे. बहुधा तिथूनच, जिथून रांगोळीला आणि वक्तृत्वाला नंबर शिरले.

माझ्या वर्गात डब्याला कापडाचा बुरखा असायचा, मधे हात जाईल एवढी चीर. शुक्रवारी सगळ्यांनी रांगेने यायचं, मूठ बंद, हात आत घालायचा, मूठ उघडायची, हात बाहेर. मुठीत पाच रुपये आहेत की काहीच नाही हे मलाही कळायचं नाही. रिकामी मूठही रांगेत येऊन परत जायची. घरी बसून पोट दुखायचं कुणाला कारण नव्हतं. एकदा उघडला तर आत दोन चिंचोके आणि एक बटण निघालं. ते बटण मी वर्गातल्याच एकीच्या सदऱ्याला लावलं.

शून्य

टीचर, तुमच्या अर्ध्या मिनिटाला माझी हरकत नाही. दुसऱ्या प्रश्नाला तर नाहीच. पहिला प्रश्न वगळून थेट दुसरा विचारला तर चालणार नाही का?

निवृत्त_टीचर

चालेल की. पण मग कुणाची आजी आजारी आहे हे कळणार कसं? मुलं आपणहून सांगत नाहीत. 'कुणासाठी प्रार्थना करायची' म्हटलं की सांगतात.

कुवेतचा_नंदाखळकर

सगळं वाचलं. थोडं उलट बोलतो, राग मानू नका.

मी गेली बरीच वर्षं गल्फमध्ये. आमच्या चर्चच्या आवारात काय होतं ते नेहमी बघतो, फलक लावला की देणाऱ्यांचे हात सैल होतात. माणूस असाच आहे. तक्ता लावून डबा दुप्पट भरत असेल आणि ते पैसे जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या कुपोषित मुलापर्यंत जात असतील, तर त्या मुलाला वसईत चांदण्या लागल्या की नाही याच्याशी काय देणंघेणं? तुम्ही देणाऱ्यांच्या मनाचा विचार करताय. घेणाऱ्याच्या पोटाचा कोण करणार?

सुकेळी

हा मुद्दा सभेत शंभर टक्के येणार. मला याचं उत्तर सुचत नाहीये.

मीठागर

मी घेणारा होतो. म्हणून लिहितो.

वडील मिठागरात कामाला. हंगाम दिवाळीनंतर ते पाऊस लागेपर्यंत, मग चार महिने मिळेल ते. आम्ही पावसाळ्यात शाळा सुरू होताना नेमके कोरडे असायचो. शाळा सिस्टरांची, आम्ही हिंदू. गणवेश आणि वह्या शाळेकडून मिळायच्या.

तिसरीत असताना एकदा कार्यक्रम ठेवला. पाहुणे आले होते. आम्हा सात-आठ मुलांना नावं पुकारून स्टेजवर बोलावलं, वह्यांचा गठ्ठा हातात दिला, फोटो काढला, टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणारी माझीच दोस्त मंडळी होती. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी गोट्या खेळताना भांडण झालं तेव्हा एकाने म्हटलं, "जा रे, फुकटच्या वहीवाला." मी पुढे कितीतरी दिवस त्या वह्यांची पाठीमागची पानं फाडत होतो, कारण शेवटच्या पानावर शिक्का होता.

चौथीत दुसऱ्या बाई आल्या. जूनमध्ये त्यांनी मला कपाटातून पुस्तकं काढायला बोलावलं. तिथे एक पँट-शर्ट होता. म्हणाल्या, "हा कुणाचा मापाने चुकलाय, तू घालून बघ बरं." मला तो बरोब्बर झाला. मी तेव्हाही एवढा खुळा नव्हतो, मला समजलं. पण त्या खोटं बोलल्या याचा मला आजही आनंद आहे.

नंदाखळकर, पोटाचं म्हणालात तर पोट दोन्ही वर्षी सारखंच भरलं. वह्या तेवढ्याच होत्या. एका वर्षी मी शाळा सोडायचं ठरवलं होतं आणि दुसऱ्या वर्षी नाही, इतकाच फरक.

आगाशीकर

मीठागर, __/\__

विन्सेंटवाला

मी धर्मग्रामाच्या संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीत (गरिबांना मदत करणारी कॅथलिक संस्था) काम करतो, त्या अनुषंगाने दोन गोष्टी.

सोसायटी सुरू झाली १८३३ साली पॅरिसमध्ये. सुरू करणारा फ्रेडरिक ओझानाम तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा कॉलेजकुमार होता. सोबतच्या मुलांनी डिवचलं होतं, की तुमच्या धर्माने पूर्वी मोठमोठी कामं केली असतील, आज काय करताय? तेव्हा हे चार-पाच मित्र चर्चा सोडून सरपणाची मोळी घेऊन एका गरीब घरी गेले. अजूनही आमची पद्धत तीच: दोघांनी जोडीने घरी जायचं, बसायचं, बोलायचं. पैसे नंतर.

दुसरी गोष्ट थेट तुमच्या डब्याची. आमच्या प्रत्येक सभेत शेवटी एक पिशवी फिरते. तिला गुप्त पिशवीच म्हणतात. प्रत्येकाने हात घालायचा, कोण किती टाकतो हे शेजारच्याला कळत नाही. टीचरांच्या बुरख्यासारखंच. फलक नाही, चांदणी नाही, आणि जवळपास दोनशे वर्षं जगभर हे चाललंय. नंदाखळकरभाऊ, फलकाने एका वर्षी डबा दुप्पट भरतो हे मी मान्य करतो. पण फलकाची सवय लागलेला माणूस फलक नसलेल्या ठिकाणी खिशात हात घालत नाही, हे आमच्या धर्मग्रामात मी पाहतोय.

आणि मदत कुणाला दिली त्यांची नावं आम्ही कधीच चर्चमध्ये वाचत नाही. ती घरं मिस्साला आमच्याच शेजारी बसलेली असतात. शाळेत तर एकाच बाकावर बसतात.

कुवेतचा_नंदाखळकर

मीठागर यांचं वाचून जरा गप्प बसलो होतो. ठीक, नावं नकोत. वर्गाची एकूण रक्कम तरी सांगाल की नाही? हिशेब नको का? डबा बुरख्यात आणि हिशेबही बुरख्यात, असं नको.

विन्सेंटवाला

हिशेब हवाच. शाळेची मिळून एक रक्कम जाहीर करा, आणि ती कुठे गेली तेही. आमच्याकडे उपवासकाळातलं बरंच दान कारितास इंडिया या चर्चच्या सेवासंस्थेच्या भूक आणि रोगराईविरोधी मोहिमेला जातं. तळासरीला ज्ञानमाता सदनात वारली मुलांसाठी येशूसंघीयांचं (जेसुइट फादरांचं) काम आहे, शाळेने थेट तिथे विचारलं तरी सांगतील काय लागतं ते. मुलांना रक्कम सांगून काही कळत नाही, 'इतक्या जणांचं आठवड्याचं जेवण' म्हटलं की कळतं.

पापडी_नाका

आमची मुलगी अशाच एका शाळेत आहे. आम्ही मुसलमान. २०२५ साली रमझान सुरू झाला २ मार्चला आणि राखेचा बुधवार आला ५ मार्चला, म्हणजे आमचे रोजे आणि त्यांचा उपवासकाळ जवळजवळ एकत्रच. टीचरनी वर्गात सांगितलं की घरात मोठी माणसं रोजे ठेवत असतील त्यांनी हात वर करा, आणि ज्यांच्या घरी शुक्रवारी मांस-मटण बंद आहे त्यांनीही. जवळपास सगळा वर्ग. मग मुलांनीच एकमेकांना विचारलं, तुझे अब्बा पाणी पण पीत नाहीत? तुझी आजी मासळी पण खात नाही?

मुलगी घरी येऊन म्हणाली, आपला डबा कुठे आहे? जकात काय असते ते सांगितलं, शिल्लक राहिलेल्या मालावर शेकडा अडीच. तर म्हणते, माझ्याकडे शंभर नाहीतच, मी कशी देऊ. शेवटी तिने शाळेच्याच डब्यात टाकले. तिच्या नानीला कळलं तेव्हा तिने फक्त विचारलं, कुणाला दाखवून नाही ना टाकलेस?

स्पष्टवक्ता

संमतीचा कागद देणार असतील तर माझं काही म्हणणं नाही.

वाडीवरचा

मोदकांचं आमंत्रण कायम आहे.

सुकेळी

सभा झाली. सविस्तर लिहिते, बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं.

फादर (तेच शाळेचे मॅनेजर) आणि हेडमिस्ट्रेस सिस्टर दोघंही होते. मी टीचरांनी सांगितलेला मत्तयचा उतारा वाचायला घेतला, तर फादर पुढचं वाक्य स्वतःच म्हणाले आणि मग आपणच हसले. तक्त्याची कल्पना त्यांची नव्हती, एका नव्या शिक्षकांनी मुलांना हुरूप यावा म्हणून केलं होतं. ते शिक्षक बिचारे एवढे कानकोंडे झाले की मलाच वाईट वाटलं. मुलांना कागदाच्या चांदण्या त्यांनी रात्री जागून कापल्या होत्या.

तक्ता निघाला. त्या चांदण्या नाताळच्या गोठ्याला वापरायच्या ठरल्या.

डब्याला बुरखा येतोय, शिवायला मी घेतलाय. हिशेब नंदाखळकर म्हणतात तसा, पूर्ण शाळेचा एक आकडा, आणि पैसे पोचल्यावर तिथून आलेलं पत्र मुलांना वाचून दाखवायचं. एका पालकांनी विचारलंच, पैसे कमी जमले तर? सिस्टर म्हणाल्या, कमी जमले तर कमी पाठवू. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. मागच्या रांगेत कुजबुज होती.

प्रार्थनेवर जास्त वेळ गेला. कॅथलिक पालकांपैकी दोघांना वाटलं की मी शाळेतली प्रार्थना बंद करायला निघालेय. कलम_२८ यांनी सांगितलेल्या सूचनांची प्रत होती म्हणून निभावलं. ठरलं ते असं: परिपाठात उद्देशिका, राष्ट्रगीत आणि सर्वांची म्हणून एक प्रार्थना. बाराच्या घंटेला सगळे उभे राहतील, ज्याला म्हणायचं तो म्हणेल. धर्मशिक्षणाच्या तासाला आणि पहिल्या शुक्रवारच्या मिस्साला कॅथलिक मुलं, आणि इतरांपैकी कुणाला जायचं असेल तर घरून चिठ्ठी आणायची. जूनपासून प्रवेशाच्या अर्जात संमतीची ओळ येईल. वाडीवरचे, तुमची पंधरावी सही.

टीचरांचा दुसरा प्रश्न मात्र सभेत नीट मांडता आला नाही. वेळ संपली होती आणि चहा आला. पहिलीच्या बाईंना वेगळं भेटून सांगितलं. त्या म्हणाल्या, रोज अर्धा मिनिट पहिलीची पोरं गप्प बसवायची म्हणजे आधी मलाच प्रार्थना करावी लागेल.

एक नवा प्रस्ताव आलाय. पैशाऐवजी मुलांनी शुक्रवारी घरून मूठभर तांदूळ आणायचे. मला बरा वाटला. टीचर, तुम्ही कधी केलंय?

निवृत्त_टीचर

केलंय. सुटे तांदूळ घेऊ नका. कुणाच्या घरचा कोलम, कुणाचा रेशनचा, कुणाचा उकडा, सगळं एकत्र केलं की शिजत नाही धड, आणि महिन्याभरात पोरकिडे होतात. शिवाय मुठीतला तांदूळ कसला आहे हे शेजारच्याला लगेच दिसतं, म्हणजे पुन्हा चांदण्याच. त्यापेक्षा आवारातल्या शेवग्याच्या शेंगा आणि केळी मुलांकडून काढून घ्या आणि त्यांनाच पोचवायला लावा. बुरख्याला जाड कापड घ्या, पातळ घेतलंत तर पोरं उजेडाला धरून बघतात.

कुवेतचा_नंदाखळकर

सर्व ठीक. शेवटचा प्रश्न, प्रशस्तिपत्रं छापून झाली होती ना? त्यांचा खर्च डब्यातून नाही ना गेला?

सुकेळी

नाही, संघाच्या खात्यातून गेला. विचारून घेतलं. आणि पन्नास छापून आलीत, ती आता सगळ्या वर्गांना 'सहभागी' म्हणून देणार आहेत. 'प्रथम क्रमांक' हे शब्द खोडायला पांढरी शाई आणलीय, शनिवारी दुपारी बसणार आहोत. वसईत असाल त्यांनी या.